पुढची सीट मागे

काचेच्या दारात ती अडकली होती. कडेवर दोन वर्षांची लेक ढब्बू, दुसऱ्या हातात ढब्बूची भलीमोठी कार-सीट, आणि दार नेमकं बाहेरच्या बाजूला उघडणारं. गाड्यांच्या शोरूममधून एक निळ्या टायवाला विक्रेता धावत आला.

"आधी कोणाला घेऊ? सीटला की मॅडमना?"

"सीटला. मॅडम अनोळखी माणसांकडे जात नाहीत."

"दोघींपैकी कोणत्या?"

ती हसली... आणि आपण हसलो याचंच तिला नवल वाटलं.

त्याने लाल गाडीत मागे सीट ठेवून दाखवली. "बसली. अगदी निर्धास्त राहा." तिने बुकिंगचे पैसे भरले. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर साठवलेली सगळी पुंजी तीच. शहराबाहेरच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, तिकडे बस जात नव्हती.

मग त्याचे फोन येऊ लागले. आधी रंगासाठी, मग कर्जाच्या कागदांसाठी, आणि मग नुसतंच, "ढब्बूमॅडम काय म्हणतात?"

"गाडीच घेतेयस ना?" आई स्वयंपाकघरातून विचारायची.

"आई, काहीतरीच तुझं."

पण गाडी रस्त्यावर चालवून बघायला ती गेली, तेव्हा खरा घोळ लक्षात आला. पाय नीट मावावेत म्हणून तिने स्वतःची सीट मागे घेतली, तर तिच्यामागे ढब्बूची सीट मावेचना. शेजारी आई बसेल एवढी जागा ठेवली, तर त्या बाजूलाही तेच. ढब्बूने भोकाड पसरलं.

आता ती मॅनेजरच्या केबिनमध्ये बसली होती. निळ्या टायवाला भिंतीला टेकून उभा. त्याच्याकडे बघायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"बुकिंगची रक्कम परत मिळत नाही, मॅडम. पावतीवर छापलंय."

"मन बदललं म्हणून रद्द करत नाहीये मी." तिने आवाज खाली येऊ दिला नाही. "सीट बसेल असं सांगून तुम्ही पैसे घेतलेत. ती बसत नाही. नुसतं छापल्याने ते पैसे तुमचे होत नाहीत. गरज पडली तर ग्राहक मंचात जाईन."

"असं सांगितल्याचा पुरावा?" मॅनेजर गोड हसला आणि मागे वळला. "काय रे, तू असं काही बोलला होतास?"

आता मात्र तिने त्याच्याकडे बघितलंच... तो टायच्या गाठीशी चाळा करत होता. नाही म्हणेल. नोकरी आहे त्याची, का नाही म्हणणार? ढब्बूला तिने घट्ट जवळ धरलं.

"बोललो होतो," तो म्हणाला.

"नीट आठव."

"आठवतंय, सर. मागे ऐसपैस वाटावं म्हणून शोरूमच्या गाडीची पुढची सीट आपण पार पुढे सरकवून ठेवतो. तशीच ठेवून मी दाखवलं. चूक माझी. यांचे पूर्ण पैसे परत द्यायला हवेत."

मॅनेजरचं हसू विरलं. "तुझ्याशी नंतर बोलतो," म्हणत त्याने फोन उचलला आणि हिशेबनीसाला पैसे परत पाठवायला सांगितलं. ते खात्यात जमा झाल्याचा निरोप मोबाइलवर येईपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही.

बाहेर पार्किंगमध्ये तो मागोमाग आला.

"नोकरी जाईल?" तिने विचारलं.

"ओरडा बसेल. बढती मात्र गेली."

"मग तेव्हाच का नाही केलीत सीट मागे?"

"लहान मूल बरोबर असलं की नेहमी करतो. त्या दिवशी..." तो थांबला. "तुम्ही हसलात. मग सीटबीट काही सुचलंच नाही."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या, तरी नजर त्याच्यावर रोखलेलीच.

"रविवारी मला सुट्टी असते," तो चाचरत म्हणाला. "दुसरीकडच्या गाड्या बघायला येऊ का बरोबर? विकायला नाही... तुम्ही आवडता मला, म्हणून."

"मी लवकर विश्वास ठेवत नाही."

"नका ठेवू."

"आणि मध्येच माझं मन बदललं तर?"

"कारणसुद्धा विचारणार नाही."

ढब्बू त्याचा टाय ओढू लागली होती. तिने तो सोडवायला हात पुढे केला, आणि मग टाय ढब्बूच्या मुठीत तसाच राहू दिला.

"सकाळी या," ती म्हणाली. "पण हिचं खाणं उरकल्यावर. त्याआधी आम्ही दोघीही माणसात नसतो."