निरीक्षकांची अनुपस्थिती

"अक्का, उजवा हात अजून थोडा वर... घाई नको."

धुळ्याच्या देवपुरातील ज्येष्ठ नागरिक केंद्रात पाऊल ठेवताच मला हा आदेश मिळाला. दालन रिकामे होते. समोर पडदा, पडद्यावर फुटलेल्या कपाशीचे शेत आणि शेताच्या मधोमध ठिपक्या-रेषांची एक मानवी आकृती. मी थबकले, तीही थबकली.

"जमेल तुम्हाला, अक्का," आवाजाने समजूत काढली.

"मी अक्का नाही," मी पडद्याला सांगितले. पडद्याशी वाद घालणे अशास्त्रीय आहे हे मला लगेच उमगले, कारण पडद्यामागून कोणीतरी हसले.

हातात पेचकस घेतलेला एक तरुण बाहेर आला. "माफ करा. यंत्राला वय कळत नाही, फक्त सांधे कळतात."

"आणि माझे सांधे?"

"जरा ताठ वाटले असतील..." त्याने पेचकस खिशात घातला. "त्याला."

हा अमृत, नरडाण्याचा. शरीराची हालचाल टिपणारा कॅमेरा आणि पडदा यांची जोडणी त्याने केली होती. समोर उभे राहून हात उंचावला, गुडघा वाकवला की पडद्यावरचा कापूस वेचला जाई. वेचणाऱ्याचा व्यायाम होई. मी जळगावला फिजिओथेरपी शिकवते. या यंत्रामुळे वृद्ध खरोखर अधिक व्यायाम करतात का, हे तपासण्याचे काम केंद्र चालवणाऱ्या संस्थेने मला दिले होते. माझा अभिप्राय अनुकूल आला तर आणखी गावांत यंत्रे बसणार होती. प्रतिकूल आला तर अमृत आपले छोटे वर्कशॉप बंद करून पुण्याच्या नोकरीवर रुजू होणार होता. त्याने हे स्वतःहून सांगितले, आणि वर म्हणाला, "पण तुम्ही दया दाखवू नका."

"तो माझा विषय नाही," मी म्हणाले.

मंगळवारी आणि शुक्रवारी सत्रे होत. पहिल्याच सत्रात मला कळले की पडद्यावर आधी रंगीत फुगे होते आणि केंद्रात रोज येणाऱ्या भागाबाई अक्कांनी ते मोडीत काढले होते. "फुगा फोडानं वय शे का मन्हं?" असे त्यांनी विचारल्यावर अमृतने निमूटपणे कपाशी पेरली. मला हे आवडले. यंत्र बनवणारे लोक सहसा वापरणाऱ्यालाच दोष देतात.

श्रावण लागला. पत्र्यावर सर येई, जाई. दालनात ओल्या छत्र्यांचा वास भरून राही. सुकदेव आबा आणि हाशम नाना एकमेकांच्या हालचालींवर टीका करत कापूस वेचत, आणि मी कोपऱ्यात बसून नोंदी घेई. एकदा कॅमेऱ्याचा कोन दाखवताना अमृत माझ्या अगदी जवळ उभा राहिला. पडद्यावर आम्हा दोघांची मिळून चार हातांची एकच आकृती उमटली.

"ही त्रुटी आहे," मी म्हणाले.

"आहे."

"दुरुस्त करा."

"करतो की..." तो पडद्याकडे पाहत राहिला. "घाई आहे का?"

 मी बाजूला झाले नाही. मागे कोणाचा तरी खोकला ऐकू आला, आणि तो आजाराचा नव्हता.

आकडे मात्र उत्तम येत होते. इतके उत्तम, की मला संशय येऊ लागला. गुडघेदुखीचे रुग्ण सत्र संपले तरी थांबेनात; एक बसला की दुसरा उभा राही. असा उत्साह मी विशीतल्या विद्यार्थ्यांतही पाहिलेला नाही. मग एका शुक्रवारी अमृत नरडाण्याला अडकला. यंत्र चालू होते, पण सगळे चहा पीत बसले. पुढच्या मंगळवारी माझी बस पारोळ्यापाशी बंद पडली. मी उशिरा पोहोचले तेव्हा अमृत हजर, यंत्र चालू आणि मंडळी पुन्हा चहावर. मला दारात पाहताच सुकदेव आबांनी कप खाली ठेवला आणि ते पडद्यासमोर जाऊन उभे राहिले.

मी भागाबाई अक्कांना बाजूला घेतले. "अक्का, मी नसताना व्यायाम का नाही?"

"तू नही उनी, मंग हात कोणासाठे हालाडवा?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "आम्ही थांबनूत का हाऊ पोऱ्या मशीन बंद करस, तू गाडी पकडस. म्हनीसन आम्ही पाळीपाळीनं उभं ऱ्हातस."

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"बठ्ठासले. तुम्ही दोन्ही सोडीसन."

"माझा गुडघा सुजला होता बेटी," हाशम नाना मागून म्हणाले, "तरी मी पाळी चुकवली नाही."

आम्हा दोघांना थांबवून ठेवण्याचा हा उद्योग आम्हा दोघांखेरीज सगळ्यांना ठाऊक होता; माझे कान तापले. शिवाय कित्येक आठवड्यांची निरीक्षणे निकामी झाली होती. त्याच आकड्यांवर अनुकूल अभिप्राय लिहिला असता तर कोणालाही कळले नसते. मला कळले असते.

सत्रानंतर मी अमृतला म्हणाले, "आकडे टाकून द्यावे लागतील. त्यांना यंत्र हलवत नव्हतं... आपण हलवत होतो."

सगळे ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला, मग हळूहळू लाल झाला. "म्हणजे त्यांना... दिसत होतं?"

"वरवर पाहता, हो."

"आणि तुम्हाला?"

"मी निरीक्षक आहे," मी म्हणाले. "पुढचे तीन आठवडे आपण दोघांनी इथं यायचं नाही. नोंदी यंत्र ठेवील."

"मी चोरून आलो नाही, याची खात्री तुम्हाला कशी पटणार?"

"कशी?"

"सत्राच्या वेळी मला समोर बसवून ठेवा."

पद्धतीत खोट काढता आली नाही. मग सत्रांच्या वेळी आम्ही बसस्थानकाजवळच्या खानावळीत समोरासमोर बसू लागलो. शेवभाजीच्या तिखटाने माझे डोळे वाहत आणि तो पाण्याचा पेला पुढे सरकवी. पुण्याचा विषय तो काढत नसे. फोन वाजला की मात्र आधी नाव पाही आणि बहुधा उचलत नसे.

मुदत संपल्यावर नोंदी तपासून मी त्याला बसस्थानकावरच गाठले. "व्यायाम कमी झाला," मी म्हणाले. त्याने मान खाली घातली. "पण थांबला नाही. यंत्र येण्यापूर्वीपेक्षा अजूनही बराच जास्त आहे. उपयोग मध्यम, माणसांची सोबत असेल तर अधिक. असंच लिहिणार आहे."

"मध्यम," तो पुटपुटला.

"खरं आहे ते. आणि आणखी गावांत यंत्रं बसवायला पुरेसं आहे."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "परीक्षण संपलं. आता धुळ्याला यायचं कारण उरलं नाही तुम्हाला."

"नाही उरलं." जळगावची गाडी फलाटाला लागत होती. "तरी शुक्रवारी येईन."

"कशासाठी?"

मी पिशवी खांद्यावर घेतली. "तुम्ही मला आवडता. पुरावा मागू नका, माझ्याजवळ नाही."

त्याने मागितला नाही. मी गाडीत चढले, खिडकीशी बसले. शेजारी कोणीतरी येऊन बसले, तो अमृत होता.

"नरडाणा उलट्या दिशेला आहे," मी म्हणाले.

"नशिराबादला माझी मावशी राहते."

"खरंच?"

"नाही," तो म्हणाला, आणि कंडक्टरकडे वळला. "दोन जळगाव."