पट्टी भरत राहते

एकतीस वर्षं मी पाण्याचे नमुने तपासले. बाटलीवर तारीख आणि वेळ, वहीत आकडा, खाली सही. कुणाला काय वाटतं याला प्रयोगशाळेत किंमत नसते. म्हणून हेही मी वहीत बघूनच लिहिते आहे.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी हे खुर्चीतून खाली कोसळले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. ज्याची बडबड थांबवायला मी जंग जंग पछाडलं, तो आता भिंतीकडे बघत गप्प बसून राहायचा. ती शांतता मला खायला उठायची.

लेक दूर राहते. तिने टॅबवर एक खेळ लावून दिला, अवकाशयानांचा, जगभरचे लोक एकत्र खेळतात तसला. मी म्हटलं, यांना चमचा धरता येत नाही आणि तू यान चालवायला देतेस? ती म्हणाली, या खेळात घाई चालतच नाही. नवख्याने काय शिकायचं ते रांगेत लावायचं आणि वेळ जाऊ द्यायचा. तुम्ही जेवा, झोपा, टॅब बंद करा, कौशल्याची पट्टी आपली भरत राहते. पहिली पातळी लवकर, पाचवीला मात्र वाट बघायची.

यांना ते पटलं असावं. लिफ्टसमोर बटण बडवणाऱ्यांना हे नेहमी म्हणायचे, दहादा दाबलंत तरी ती तिच्याच वेळेला येणार.

मग रोज न्याहारीनंतर आम्ही टेबलाशी बसायचो. हे डाव्या हाताच्या बोटाने रांग लावायचे, मी सवयीने ती वहीत उतरवायचे. यान वळवणे, पातळी एक. खनिज ओळखणे, पातळी दोन.

तिसऱ्या आठवड्यात वहीत एक ओळ आहे: पेला धरणे, पातळी एक, चार दिवस.

मला वाटलं लेकीचा चावटपणा. फोन केला तर ती म्हणाली, आई, असं कौशल्य या खेळात नाहीच. मी पडद्याचा फोटो काढून पाठवला. फोटोत ती ओळ नव्हती. मी चष्म्याचा नंबर तपासून आले. होता तोच निघाला.

चौथ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी पट्टी भरली. यांनी उजवा हात उचलला आणि पाण्याचा पेला धरला. थरथरत, पण धरला.

फिजिओथेरपिस्ट म्हणाली, व्यायामाचं फळ. मी मान डोलावली. पुढे ‘बटण लावणे’ आलं, ‘उभे राहणे’ आलं. ज्या मिनिटाला पट्टी भरायची, त्या मिनिटाला हे ते करायचे. खरं सांगते, मला कारण नको होतं. मला फक्त पुढची ओळ हवी होती.

ती आली. हाक मारणे, पातळी एक, एकोणीस दिवस. ते दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. एकोणिसाव्या दिवशी दुपारी मी ओट्याशी पाठमोरी उभी होते.

“अगं,” हे म्हणाले.

अडतीस वर्षांत यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही, आणि मला कधी उणं वाटलं नाही. मी नळ चालू ठेवून पोटभर रडले.

त्याच संध्याकाळी रांगेच्या शेवटी नवी ओळ होती. निरोप घेणे, पातळी एक, नऊ दिवस.

ती पुसता येईना. पण तिच्याआधी दुसरं काही घुसवता येत होतं. मी खेळातलं सगळ्यात लांबलचक कौशल्य शोधलं, चाळीस दिवसांचं, आणि मध्ये लावलं. मग आणखी एक, पस्तीस दिवसांचं. नोकरीत एकाही नमुन्यात लुडबुड केली नव्हती. आता हे डोळे मिटून पडले की मी चोरासारखी टॅबशी बसायचे.

दिवस वाढले, पण ते चांगले नव्हते. यांना धाप लागायची. दोन घास खाल्ले की पुरे व्हायचं. मला दिसत होतं, आणि तरी मी रांग वाढवत होते.

एका सकाळी यांनी माझा हात टॅबवरून बाजूला केला.

“अगं, राहू दे आता.”

“मला नाही जमणार,” मी म्हटलं.

यांनी उजव्याच हाताने, सावकाश, ती शेवटची ओळ ओढत सगळ्यांच्या वर आणली. मग टॅब माझ्यापुढे सरकवून कोपऱ्यावर बोट ठेवलं. नवीन खेळाडू, असं तिथे लिहिलं होतं.

यांचं मन मोडवेना. मी माझं खातं उघडलं.

नवख्याची रांग रिकामी असते, असं लेक म्हणाली होती. माझ्या रांगेत एक ओळ होती.

एकटीने राहणे.

चार पातळ्या पूर्ण होत्या. पाचवीची पट्टी भरत आली होती. नऊ दिवस उरले होते.

मी पेन उचललं. शिकायला सुरुवात कधी झाली तेही तिथे दिलं होतं. ती तारीख वहीत उतरवली.

अडतीस वर्षांपूर्वीची. आमच्या लग्नाची.