मारझान्नाचा निळा रुमाल

दिवस-रात्र समान झाले की आमच्या गावात मारझान्नाला नदीत बुडवतात. मारझान्ना म्हणजे पेंढ्याची बाई, म्हणजेच हिवाळा. मी औषधांच्या दुकानात काम करते, माझा विश्वास गोळ्यांवर. पण यंदा तिच्या डोक्याला रुमाल कमी पडला, तेव्हा मीच पुढे झाले.

"कुणाचा गं, ब्रोन्या?" गेर्ट्रूडाकाकूंनी विचारलं. जिवंत माणसाचं कापड मारझान्नाला घालत नाहीत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

"मावशीचा. गेली ती."

रुमाल सासूबाईंचा होता. निळा, लाल फुलांचा. नाताळापासून त्या अंथरुणाला खिळलेल्या, नवरा जर्मनीत कामाला, सगळं हगणंमुतणं माझ्यावर. बरं, त्या खाष्टही नव्हत्या. "दमलीस गं पोरी," एवढंच म्हणायच्या. आणि मला वाटायचं, सुटू देत एकदाच्या. लाज वाटायची, तरी वाटायचंच.

मी मारझान्नाच्या हनुवटीखाली माझ्या सवयीची दुहेरी गाठ मारली.

पुलावरून टाकली, तर ती बुडेना.

"जायचं मनात नाही बाईच्या!"

"फुकटचं खायची चटक लागलीय तिला!" सगळे हसले.

पेंढा तरंगतो, भिजला की बुडतो, यात नवल काही नाही. पण मला दम निघेना. पाण्यात पडलेल्या मारझान्नाला हात लावायचा नसतो, म्हणून मी बांबू घेतला, काठावर उतरले आणि तिच्या खांद्यावर रेटला.

पेंढ्याला हाड नसतं. बांबूला हाड लागलं.

ती गेली.

परतताना मागे वळून बघायचं नसतं. मी बघितलं नाही. मागून ओल्या पावलांचा आवाज येत होता. माझेच बूट भिजलेत, म्हटलं.

घरी सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. केसांतून पाणी ठिबकत होतं.

"आई, हे काय?"

"पाणी फार गार होतं गं."

मी टॉवेल आणला. खांदा पुसताना त्या कळवळल्या. तिथे बांबूच्या टोकाएवढा काळानिळा डाग होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

गेर्ट्रूडाकाकू डोकावल्या आणि छातीवर क्रूस काढत दारातच थबकल्या. "ओतिल्या! तू उठलीस?"

"सुनेची कृपा," सासूबाई म्हणाल्या. "माझं किती करते ती, तुला ठाऊक नाही."

मला मान वर करवेना.

काकू गेल्या. सासूबाईंनी मांडीवरून निळा रुमाल उचलला, मला जवळ बसवलं आणि माझ्या डोक्याला बांधला. ओला होता. हनुवटीखाली दुहेरी गाठ मारून त्यांनी ती ओढून बघितली.

"दमलीस गं पोरी," त्या मायेने म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तू आराम कर."