बोटांच्या पुढची झिणझिण

खोटं वाटत असेल तर वाटू दे. माझ्या मावशीने हे सांगितलं तेव्हा आधी आम्हीही हसलोच होतो. पण मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही. ती फिजिओथेरपिस्ट आहे. हाडं, स्नायू आणि नसा हाच तिचा रोजचा धंदा. भुताखेतांचं नाव काढलं तरी वैतागते. तशी ती कशावरही वैतागते म्हणा.

आणि हे रात्रीबेरात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं, पंखा गरगरत असताना, तिच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत.

मावशीचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, शिंपी आहे. कापड बेतावं तर त्यानेच, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. तो जिन्यावरून पडला आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाड जुळलं. पण त्या हाडाला वळसा घालून जाणारी नस चेचली गेली होती. मनगट लुळं पडलं.

मूठ मिटायची. उघडायची नाही.

हात मिटवणारे स्नायू वेगळे, उघडणारे वेगळे, आणि त्यांच्या नसाही वेगळ्या, असं मावशीने त्याला समजावलं. त्याची उघडणारी नस गेली होती. म्हणजे कात्री मिटणार, पण उघडणार नाही. अशा कात्रीने कापड कसं कापायचं?

गिऱ्हाइकं एकेक करून समोरच्या दुकानात जाऊ लागली. मामी जमेल तसं कापत होती. एका सदऱ्याची बाही आखूड झाली आणि भर रस्त्यात बोलणी खावी लागली. घर त्या एका हातावर चालत होतं.

मामा रोज दुपारी मावशीकडे यायचा. शेक, करंट, व्यायाम. मग मावशी म्हणायची, उचल. तो दातओठ खाऊन जोर लावायचा. कपाळावर घाम यायचा.

हात ढिम्म.

"अरे दादा, मनापासून उचल ना."

"मनापासूनच उचलतोय. मन हलतंय, हात हलत नाही. तू मनाला करंट देतेयस बहुतेक."

मग दोघं चिडायची. तो म्हणायचा, तुला काही येत नाही. ती म्हणायची, तू घरी व्यायाम करत नाहीस. सर्जनांचं एकच पालुपद होतं, वाट बघा. नस पुन्हा वाढते, पण आठवड्याला फार तर तांदळाच्या दाण्याएवढी.

ती कुठवर आली हे बघायची साधी रीत आहे. नसेच्या वाटेवर बोटाने टिचक्या मारत जायचं. वाढतं टोक असेल तिथे झिणझिणतं. मावशी मामाला डोळे मिटायला लावायची आणि टिचकी मारून विचारायची, इथे? झिणझिणलं की पेनाने खूण करायची.

महिन्यामागून महिने गेले. खूण दंडावरून कोपरापाशी आली. मग मनगटापाशी. मग बोटांच्या टोकाशी...

तरी हात ढिम्मच.

मावशीचं डोकं फिरलं. रस्ता पुरा झाला, मग गाडी का निघत नाही? त्या दुपारी तिने हाताचं पेरन् पेर ठोकून पाहिलं. मामा डोळे मिटून नुसती मान हलवत होता. नाही. नाही. नाही. शेवटी तिने वैतागून बोट टेबलावरच आपटलं, त्याच्या बोटांच्या वीतभर पुढे.

"हां... इथे," मामा म्हणाला.

तिला वाटलं, चेष्टा करतोय. तिने बोट आणखी पुढे नेलं. हो, इथेही. टेबलाच्या कडेवर टिचकी मारली. हो.

मग ती आवाज न करता उठली. समोरच्या भिंतीवर अगदी हलकी टिचकी मारली. पंख्याच्या आवाजात ती तिलाही ऐकू आली नाही.

मामाचा खांदा दचकला.

"हेही टोक नाही," तो डोळे न उघडता म्हणाला. "अजून पुढे आहे."

भिंतीच्या पुढे काहीच नव्हतं. पहिला मजला तो. बाहेर नुसती हवा. तरी मावशी खाली जाऊन बघून आली. गल्लीत दोन सायकली होत्या आणि एक झोपलेलं कुत्रं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला उलटा बसवला. बोटं दाराकडे. तिने टेबलावर टिचकी मारली, मग दारावर. काही नाही. तिला हायसं वाटलं. जाता जाता तिने त्याच्या पाठीमागच्या त्या भिंतीला बोट लावलं...

"हो," मामा म्हणाला.

त्यानंतर तिने टिचक्या मारणंच बंद केलं. दोन-तीन दिवसांनी मामीही बरोबर आली होती. मामा डोळे मिटून बसला होता. मावशीचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर होते.

"हळू मार ना," तो म्हणाला. "कळ येतेय."

"मी मारतच नाहीये."

"मग पलीकडून कोण मारतंय?"

आवाज काहीच नव्हता. पण त्याचा खांदा दचकला... जरा थांबून पुन्हा दचकला.

आणि मनगट उचललं गेलं.

अंगठा बाजूला झाला. एकेक बोट सरळ झालं. मामीला रडू फुटलं. मावशीही हसत होती आणि डोळे पुसत होती. इतके महिने ज्याच्यासाठी दोघं भांडत होती ते झालं होतं.

मामाने डोळे उघडले आणि परक्याच्या हाताकडे बघावं तसं त्या हाताकडे बघितलं.

"मी नाही उचलला," तो म्हणाला.

ज्या नसेतून झिणझिण आत येते तिच्यातूनच हुकूम बाहेर जातो, हे मावशी सगळ्या पेशंटना सांगते. दुहेरी रस्ता आहे तो. त्या दिवशी पहिल्यांदा तिला ते आठवायलाही नको वाटलं.

सर्जनांनी अभिनंदन केलं. मावशीने भिंतीची गोष्ट काढली तर ते म्हणाले, तुम्ही दमला आहात, सुट्टी घ्या. ती फार चिडली. पण बऱ्या झालेल्या हाताची तक्रार करायची तरी कोणाकडे? दुकान सुरू झालं. गिऱ्हाइकं परतली. मामा म्हणायचा, "मिटतो मी, उघडतो तो." मामीला हा विनोद वाटायचा.

मग एका दुपारी मामीचा घाबऱ्या आवाजात फोन आला. मावशी धावत दुकानात गेली. गणवेशाच्या कापडाचा अख्खा तागा कापला गेला होता. मामा भिंतीला टेकून बसला होता. डाव्या हाताने उजवा धरला होता.

जमिनीवर एकच बाही पसरली होती. उजवी. खांद्याचा गोल अगदी नीट बेतलेला. पुढे कोपराची जागा आली, मनगटाची आली... आणि बाही संपलीच नाही. ती तशीच दुकानाच्या दारापर्यंत गेली होती.

"मग तू कात्री मिटायचीच नाही ना," मावशी म्हणाली.

"उघडली की मिटायची, ही जन्माची सवय. ती कशी थांबवू?"

"पण हे माप कोणाचं?"

"मला काय ठाऊक? कापड संपलं म्हणून तो थांबला."

मग मामाने हळूच विचारलं, ही नस परत तोडता येते का? येते, मावशी म्हणाली, पण मग हातही जाईल. दारात दोन गिऱ्हाइकं त्या बाहीवर पाय पडू न देता उभी होती. मामाने त्यांच्याकडे बघितलं, मामीकडे बघितलं आणि तिला दुसरा तागा उघडायला सांगितलं.

दुकान आजही चालतं. माझे सदरे तोच शिवतो. उजव्या बाहीत हात घालण्याआधी मी ती बाहेरून चाचपून बघतो. अजून तरी रिकामीच असते.