पहिला नारळ, पहिला आकडा

“मॅडम, तुमचं यंत्र कधीच चुकत नसेल, तर रविवारचं मतदान घ्यायचंच कशाला?”

ईश्वरी मगदूमने विचारलं आणि मागच्या बाकावरून दबक्या हसण्याचा आवाज आला. तहसीन आणि भक्ती. विचारून दाखवलंस तर भडंगाची पुडी आमच्याकडून, अशी पैज त्या दोघींनी सकाळी शाळेतच लावली होती. सहा महिन्यांपूर्वीची ईश्वरी असती तर उत्तर येत असूनही बाकावरच्या रेघोट्या मोजत बसली असती. पण वक्तृत्वाची ढाल घरी आल्यापासून तिचा आवाज आधी निघे आणि भीती मागाहून येई. आत्ताही तसंच झालं. प्रश्न विचारून झाला आणि मग तिचं लक्ष गेलं, समोरच्याच खुर्चीत तिची आई बसली होती. उमेदवार म्हणून.

मिरजेच्या खंदक वेस प्रभागात, बंद पडलेल्या शाळेच्या प्रयोगशाळेत यंदा कौलकेंद्र थाटलं होतं. जिथे एकेकाळी बेडूक कापले जात तिथे आता निवडणुकीचा निकाल आधीच सांगणारं, कपाटाएवढं करडं कौलयंत्र गुणगुणत उभं होतं. काही काळंबेरं नाही हे दाखवायला दोन्ही मंडळांना बोलावलं होतं. डाव्या बाजूला खंदक वेस तरुण मंडळ, म्हणजे ईश्वरीच्या बाबांचं. महावीर मगदूम त्याचे अध्यक्ष आणि त्यांची बायको शीतल ही मंडळाची उमेदवार. उजव्या बाजूला रस्त्यापलीकडचं नवी पेठ क्रीडा मंडळ आणि त्यांचे उमेदवार कोरे सर, ज्यांनी अर्ध्या प्रभागाला कंबरेला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवलं होतं. ईश्वरीलाही.

“हसू नका,” केंद्राच्या प्रमुख डॉ. नसीम मुजावर म्हणाल्या, “प्रश्न बरोबर आहे. पण त्याच्या आधी दुसरा प्रश्न येतो. भाकीत ऐकून माणसं मन बदलतात, मग भाकीत खरं कसं ठरतं?”

गेल्या तीन निवडणुकांत मतदानाच्या आदल्या दिवशी कौलयंत्राचा आकडा जाहीर झाला होता आणि तिन्ही वेळा तो तंतोतंत खरा ठरला होता. कसा, हे कुणी विचारलं नव्हतं. पंचांगातलं ग्रहण ठरल्या वेळी लागतं तसं लोकांनी ते धरलं होतं.

मॅडमनी फळ्यावर लिहून दाखवलं. यंत्राच्या पोटात आख्खा प्रभाग आहे, घरोघरच्या स्वभावासकट. आणि खंदक वेशीचा स्वभाव सगळ्यांनाच ठाऊक: मत वाया घालवायचं नाही. जो निवडून येणार त्याच्या पारड्यात टाकायचं. तेव्हा यंत्र आधी आपल्या पोटातल्या प्रभागाला एक आकडा सांगून बघतं. तो ऐकून प्रभाग जरा हलतो, नवा आकडा येतो. यंत्र तो नवा सांगतं, प्रभाग पुन्हा जरा हलतो. असं करत करत शेवटी एक आकडा असा मिळतो की तो सांगितल्यावर प्रभाग हलतच नाही. त्याला म्हणायचं स्थिरकौल. जाहीर होतो तो तेवढाच.

“म्हणजे सांगितला म्हणून खरा होतो,” ईश्वरी म्हणाली.

“सांगितला तरी खरा राहतो,” मॅडमनी दुरुस्त केलं. “मतदान त्यासाठीच लागतं. माणसांनी मत दिलंच नाही तर आकडा खरा होणार कुठून?”

लोक हसले, टाळ्या पडल्या, मॅडमनी मशीनवर हात ठेवला आणि स्थिरकौल वाचून दाखवला. शीतल मगदूम, शंभरात सत्तावन्न. दोन्ही मंडळांनी तो उद्या सकाळी आपापल्या चौकातल्या फलकावर लिहायचा. डाव्या बाजूने जल्लोष उसळला. उजवीकडे कोरे सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि ईश्वरीच्या आईला जाऊन हात जोडले.

पोरं हलगी आणायला पळाली. तहसीनने खुणेनेच सांगितलं, पुडी नक्की. ईश्वरीही नाचली असती. पण तिला एक दुसराच प्रश्न चावत होता आणि तो विचारायची पैज कुणी लावलेली नव्हती. पहिला आकडा कुठून येतो?

खोली रिकामी झाल्यावर तिने तो विचारला. मॅडमनी आपल्या सहकाऱ्याकडे, सबनीस सरांकडे पाहिलं. सबनीस सर वायरी गुंडाळत होते, ते थांबले.

त्याला बीजांक म्हणतात, ते म्हणाले. सुरुवात कुठून तरी करावीच लागते. शास्त्रज्ञाने निवडला तर पक्षपात होईल, म्हणून नियम केलाय की प्रभागात सगळ्यांत आधी चारचौघांत जाहीर झालेला आकडा तोच बीजांक. इथे तो साठ होता.

साठ हा आकडा ईश्वरीनेच लिहिला होता.

खंदक वेशीत प्रचाराचा नारळ फुटतो तेव्हा मंडळ आपल्या फलकावर आकडा लावतं. आमचे इतके. ती फुशारकी असते, सगळ्यांना माहीत असतं, चहाबरोबर हसून सोडून देतात. चुरस असते ती आधी कोण लावतं याची, कारण पहिला नारळ, पहिला आकडा, तो शकुनाचा. यंदा मंडळाने अक्षर चांगलं म्हणून ईश्वरीला शिडीवर चढवलं होतं. पलीकडे नवी पेठेचा फलक लिहिणारा खडू शोधत खिसे उलटे करत होता, तेवढ्यात हिने लिहून टाकलं. किती लिहू, असं बाबांना ओरडून विचारलं तर ते नारळ फोडण्यात गुंतलेले. मग तिनेच ठरवलं, साठ. झोकदार दिसतो म्हणून. मागोमाग पलीकडे लागलं, आमचे पंचावन्न.

“सर, त्यांचा आकडा आधी लागला असता तर?”

“फरक पडला नसता,” मॅडम म्हणाल्या.

“पडला असता,” सबनीस सर म्हणाले. “मी अहवालात लिहिलं होतं, मॅडम. तुम्ही म्हणालात, चूक शून्य आहे, मग अडतंय कुठं.”

सबनीस सरांनी पुन्हा बसून बीजांक बदलला. कोरे सरांचे पंचावन्न म्हणजे आईचे पंचेचाळीस. यंत्र गुणगुणलं. पंचेचाळीस ऐकून पोटातला प्रभाग म्हणाला, शीतलवहिनी पडणार, मत कशाला वाया घालवा, झाले एक्केचाळीस. एक्केचाळीस ऐकून झाले चाळीस. चाळीस ऐकून चाळीसच राहिले.

“हाही स्थिरकौल,” सबनीस सर म्हणाले. “हा जाहीर केला असता तर हाच खरा झाला असता. परातीत दोन खळगे असले की गोटी कुठल्या बाजूने सोडली त्यावर ती कुठं थांबेल ते ठरतं. गोटीची त्यात चूक नसते.”

“आणि काहीच जाहीर केलं नाही तर?”

“पन्नास. एखादं इकडे, एखादं तिकडे. खरं म्हणजे कुणालाच माहीत नाही.”

मॅडम खिडकीपाशी गेल्या होत्या. तिथूनच त्या हळू म्हणाल्या की नियमाने एकच आकडा जाहीर करायचा असतो आणि त्यांनी तो केलेला आहे. मग, आपण हे बोललोच नाही अशा सुरात, इतकंच सांगितलं की चौकातल्या फलकावर आणखी काय लिहावं याबद्दल नियमात काही नाही.

ईश्वरीने शेवटचं विचारलं, दोन्ही लिहिले तर? सबनीस सरांनी दोन्ही आकडे एकदम भरून पाहिले. यंत्र बराच वेळ गुणगुणत राहिलं. पडद्यावर आकडा हलत राहिला, वर, खाली, पुन्हा वर. थांबला नाही.

घरी जाताना चौकात हलगी कडकडत होती आणि तिला वाटत होतं की ती आपल्या बरगड्यांवरच वाजतेय. फलक कोरा, काळा, धुऊन ठेवलेला. मंडळाची पोरं तिला बघून ओरडली, उद्या मोठ्या अक्षरात. पानपट्टीपाशी दोन म्हातारे बोलत होते. त्यातला एक कोरे सरांचा सख्खा शेजारी. आता वहिनीच निवडून येणार म्हणल्यावर कशाला उगं, असं तो म्हणत होता. आकडा अजून लिहिलासुद्धा नव्हता. सायकलवरून कोरे सर आले, पाय टेकून थांबले. पोहायला हल्ली येत नाहीस, एवढंच त्यांनी विचारलं. तिने नुसती मान हलवली आणि घराची वाट धरली. ढालवालीने.

घरी आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून सुजलेली पावलं चोळत होती. बाबा फोनवर मिरवणुकीचा गुलाल सांगून ठेवत होते. ईश्वरीने एका दमात सगळं सांगून टाकलं. साठ, पंचेचाळीस, चाळीस, परात, गोटी. बाबांनी फोन ठेवला.

“सत्तावन्न हा आकडा खरा आहे की नाही?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“मग झालं तर. खोटं लिहायला सांगतोय कोण? त्यांचा खडू सापडला असता तर त्यांनी हेच केलं असतं.”

ते बरोबरच होतं. बाबा मग मऊ झाले. तुझ्या आईनं पाच वर्षं चपला झिजवल्यात, म्हणाले. पहाटे साडेतीनला येणारं नळाचं पाणी संध्याकाळी कुणी आणलं? त्याचं काहीच नाही का?

आईने पावलं चोळायचं थांबवलं. ती म्हणाली, “मला वाटलं ते पाण्यामुळंच आहे, सत्तावन्न.”

बाहेर हलगी थांबली, पुन्हा सुरू झाली.

“पाण्यामुळं पन्नास आहेत, आई,” ईश्वरी म्हणाली. “वरचे सात माझे आहेत. आणि मला अजून मतसुद्धा नाही.”

आईने तिच्याकडे पाहिलं. ओळखीचंच पण कधी नीट न पाहिलेलं काहीतरी पाहावं तसं. “दोन्ही लिहिलेस तर मी पडेन का गं?”

ईश्वरीला हो म्हणणं सोपं गेलं असतं आणि नाही म्हणणं तर त्याहून सोपं. तिच्या डोळ्यांपुढे तो पडदा आला, वर, खाली, कुठेच न थांबणारा. या वेळी भीती आधीच आली होती. आवाज मात्र सवयीप्रमाणे निघाला.

“मला माहीत नाही. यंत्रालाही माहीत नाही. बाबा, उद्याचा फलक मीच लिहिणार आहे. आईचे सत्तावन्न लिहीन आणि शेजारी तेवढ्याच अक्षरात आईचेच चाळीस. दोन्ही खरे आहेत, हे खाली लिहीन. शिडी तुम्ही धरणार नसाल, तर कोरे सरांना धरायला सांगेन.”