होडीतली तेरावी

जहाज लहानसं, चाळीस प्रवाशांचं. अलास्काच्या किनाऱ्यावर समुद्र डोंगरांच्या मधून चिंचोळा होऊन आत घुसतो, त्याला तिकडे फ्योर्ड म्हणतात. तिथे ते नांगर टाकून उभं होतं. शहाऐंशीचा जुलै. सकाळी आठला रबरी होडीतून हिमनदी बघायला निघायचं होतं आणि त्र्यंबक आपल्या केबिनमध्ये बायकोचे हातमोजे शोधत होता.

बायको, कांचन, आधीच वर डेकवर गेली होती. कॉटवर त्याची आई तयार होऊन बसली होती. नऊवारी, त्यावर मुलाचा जुना स्वेटर, पायात मोजे आणि चपला. मे महिन्यात ती पहिल्यांदाच अमेरिकेत, त्याच्या ट्रॉय गावातल्या घरी आली होती. तिला एकटी कुठे ठेवणार, म्हणून या ट्रिपला आणलेली.

ट्रिप ठरवली होती त्र्यंबकच्या बॉसने, वॉल्टरने. तो आणि त्याची बायको डोरोथी दोघंही जहाजावर होती. आणि आदल्या संध्याकाळी त्यांच्याच टेबलावर आईने भातात दूध घालून तो हाताने कालवला, मजेत भुरके मारले आणि शेवटी खणखणीत ढेकर दिली. सगळ्या टेबलाने वळून बघितलं. त्र्यंबकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मदात्या आईची लाज वाटली हे सांगायचीसुद्धा लाज वाटावी. पण वाटली, हे खरं.

“आई, तू आज इथेच थांब.”

“का रे? मी तयार आहे की. बर्फ बघायचाय मला.”

“बाहेर गारठा फार आहे. आणि… सगळी मोठी माणसं आहेत गं. आज तू कुणाच्या नजरेस पडू नकोस.”

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. आई खाली मान घालून स्वेटरची बटणं काढायला लागली. त्याने बाहेर येऊन दार ओढून घेतलं. त्या दाराची मूठ आधी दाबून मग फिरवावी लागे, ते आईला जमत नसे. हे त्याला ठाऊक होतं.

होडी निघाली आणि थोड्याच वेळात धुक्यात शिरली. दोन्हीकडचे कडे दिसेनासे झाले. मागे कुठेतरी धबधबा कोसळत होता, आणि हिमनदीचा बर्फ तडकला की दार आपटल्यासारखा आवाज यायचा. त्या आवाजासरशी त्र्यंबक दर वेळी दचकत होता. होडीवाल्याचा नियम असा, की धुकं असलं की अधूनमधून प्रत्येकाने ओळीने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. कुणी पाण्यात पडलं तर कळावं म्हणून.

“वन… टू… थ्री…” आवाज एकेक करत जवळ आले.

“इलेव्हन,” कांचन म्हणाली.

“ट्वेल्व्ह,” त्र्यंबक म्हणाला. तो फळीच्या टोकाला बसला होता. त्याच्या पलीकडची जागा रिकामी होती.

“तेरा.”

आवाज अगदी कानाशी आला. हळू, थोडा लाजरा.

सगळे कौतुकाने हसले. त्र्यंबकच्या पलीकडे बघून हसले. होडीवाल्याने अंगठा वर केला आणि होडी पुढे काढली.

“मला वाटलं होतं तुम्ही आईंना आणणार नाही,” कांचन त्याच्या कानाशी कुजबुजली. “बरं केलंत हो. कशा बघतायत बघा, लहान मुलासारख्या.”

त्याने वळून बघितलं. शेजारी फळी होती, फळीवर पाण्याचे थेंब होते. बस्.

समोरून डोरोथी उठली. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता. “टिम,” ती म्हणाली, ऑफिसात त्याला टिम म्हणत, “शी इज शिव्हरिंग! स्वतः एवढा जाड कोट घालून बसलास आणि आईला नुसती साडी?” तिने अंगातला कोट उतरवून रिकाम्या जागेवर पांघरला.

कोट खाली पडला नाही. खांद्यांवर बसावा तसा बसला, आणि बारीक थरथरू लागला.

सगळे त्र्यंबककडे बघत होते. वॉल्टरने तर मान फिरवून घेतली. ज्या माणसासमोर इज्जत जपायची म्हणून एवढं केलं, त्याच्याच नजरेतून तो उतरला होता. पण त्याचं त्याला आता काही नव्हतं. त्याला फक्त त्या कोटात आई दिसायला हवी होती. त्याने हात पुढे केला. कोट आक्रसून दूर सरकला.

जहाजावर पोचताच तो धावत केबिनकडे सुटला. दार तो लावून गेला तसंच बंद होतं. आत कुणी नव्हतं. स्वेटर नीट घडी करून उशाशी ठेवलेला.

मागून कांचन आली. “अहो, बाजूला व्हा. आईंना टेकू द्या, दमल्यात.”

“कांचन… आई कुठाय?”

“ही कसली थट्टा? ह्या काय, कॉटवर बसल्या.”

कॉटवरची चादर मधोमध हळूच दबली. ओल्या लुगड्याचा वास आला. त्र्यंबकने गुडघे टेकले आणि कॉटच्या कडेला डोकं ठेवलं.

“आई, चुकलं गं माझं. मी तुला कोंडून गेलो. वाटेल ते बोल, पण एकदा दिस…”

तो तसाच वाकून राहिला. मग कांचनने त्याच्या खांद्याला हात लावला.

“अहो… तिथे नका वाकू. त्या मघाशीच उठल्या. तुमच्या मागे उभ्या आहेत.” तिचा आवाज कापत होता. “आणि मला विचारतायत… त्र्यंबक अजून कसा आला नाही?”