दात भिंतीकडे

"कुलूपवाले काका चोर? शक्यच नाही!" भोंगा इतक्या मोठ्यानं ओरडला, की पोलीस चौकीच्या छपरावरची कबुतरं उडाली.

"हळू रे! तुला मामाकडे सुट्टीला पाठवलंय की दवंडी पिटायला?" त्याची मामेबहीण मोजपट्टी म्हणाली.

दिसेल ते मोजून वहीत लिहायची, म्हणून तिच्या थोरल्या भावानं, दादानं, हे नाव ठेवलं होतं. वहीही त्यानंच दिलेली. पहिल्या पानावर त्याचं अक्षर होतं : 'दिसलं ते लिही. हवं ते नाही.'

काल दुपारी शेजारच्या व्हायोलिनच्या बाई शिकवणीला गेल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या बंद घरातून व्हायोलिन गेलं. दाराला, कुलपाला साधा ओरखडाही नाही! "असं कुलूप उघडणारा एकच," म्हणत हवालदारानं काकांना चौकीत आणून बसवलं होतं.

"साहेब, कुलूप आतून पाहिलंत का?" मोजपट्टीनं फौजदारांना विचारलं. "तारेनं उघडलं तर आत बारीक चरे पडतात. काकांनीच दाखवलेत आम्हाला."

"आली मोठी शहाणी!" हवालदार हसला. फौजदार हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या कारागिराला बोलावून कुलूप खोलायला लावलं आणि भिंग धरलं.

"एकही चरा नाही. खऱ्या किल्लीनं उघडलंय."

"जिंकलो!" भोंगा नाचायलाच लागला.

"कसले जिंकलो?" हवालदार गुरकावला. "बाईंच्या दोन्ही किल्ल्या ह्यानंच बनवल्यात. तिसरी स्वतःसाठी ठेवली असणार!"

मोजपट्टीनं मनातल्या मनात किल्ल्या मोजल्या. दोन किल्ल्यांपैकी एक बाईंच्या पर्समध्ये. दुसरी मोजपट्टीच्याच स्वयंपाकघरात, खिळ्यावर. बाई परगावी गेल्या की त्यांच्या रोपांना पाणी तीच घालायची. किल्ली टांगताना दात नेहमी भिंतीकडे, नाहीतर टॉवेल अडकतो. काल संध्याकाळी दात बाहेर होते. तिनं तसं वहीत लिहिलंही होतं.

काल दुपारी घरात फक्त दादा होता. मित्राच्या मोटारसायकलीत अर्धा वाटा घ्यायला पैसे हवेत म्हणून महिनाभर बाबांशी भांडणारा दादा.

"साहेब," तिनं विचारलं, "किल्लीनं उघडलं तर ती घरफोडी नाही ना? काही फोडलेलंच नाही."

"फोडायलाच हवं असं नाही, बाळ. चोरीच्या इराद्यानं, मालकाला न विचारता कुलूप उघडून आत शिरलं, की झाली घरफोडी. साध्या चोरीपेक्षा शिक्षा जास्त. कारण घरात माणूस निर्धास्त असतो, तो निर्धास्तपणाच चोर नेतो."

"किती जास्त?"

"काही वर्षं कैद होऊ शकते. पहिलाच गुन्हा, कबुली, माल परत, हे न्यायाधीश बघतात. पण गुन्हा पुसला जात नाही."

काका बाकावरून हळूच म्हणाले, "पोरी, तोंड का एवढंसं झालं? मी सुटेन गं."

तिनं वही छातीशी घट्ट धरली. मग कालचं पान उघडून टेबलावर ठेवलं.

भोंग्यानं वाचलं. पहिल्यांदाच कुजबुजत : 'किल्लीचे दात बाहेर.'

संध्याकाळपर्यंत जुन्या वाद्यांच्या दुकानात व्हायोलिन सापडलं. दादानं सगळं कबूल केलं. "एवढी बारीक नजर आमच्याकडेही नाही!" फौजदार म्हणाले. हवालदारानं काकांची माफी मागितली. काकांनी मोजपट्टीच्या डोक्यावर हात ठेवला. घरात आई भिंतीला टेकून बसली होती.

जीपमध्ये चढताना दादा थांबला.

"किल्ली उलटी टांगली होती का मी?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"बाकी कुणाला दिसलं नसतं," तो म्हणाला. "शाबास."

त्या एका शब्दानं ती ओक्साबोक्शी रडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दारात आल्या. हातात आईनं रात्री परत केलेली तीच किल्ली होती. "परवा गावाला जातेय. रोपांना पाणी घालशील ना?"

मोजपट्टीनं किल्ली घेतली आणि खिळ्याला टांगली. दात भिंतीकडे.